पॉन्टियाकवर सोडलेलं पाणी

शनिवार, ४ मे २०२४. ओटावा. ऊन, १४ अंश.

पोचले. विनिपेगहून निघताना आईने तीनदा विचारलं की तू एकटी निभावशील ना, आणि मी तीनदा हो म्हटलं, त्यामुळे विमानात सगळा वेळ मीही स्वतःला तेच विचारत आले. पण जनार्दनकाका स्वतः दारात उभे होते. डाव्या हातात काठी, उजवा हात खिशात. जानेवारीतल्या झटक्यानंतर तो हात चालत नाही, वाक्य जरा उशिरा येतं, पण येतं ते पूर्ण. म्हणाले, मास्तरीण आली, आता सगळ्यांनी सरळ बसा.

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. बाबांची नोकरी मॅनिटोबाच्या उत्तरेला खाणीच्या गावात होती, तिथे आईने मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. त्याचा परिणाम म्हणून मी सगळ्यांच्या चुका काढते असं काकांचं मत. रोजनिशीही आईचीच शिकवण: तारीख, हवा, काय घडलं, आणि जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

काका बाबांचे थोरले भाऊ. मृणालिनीकाकू जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर विकलंय, २८ जूनला किल्ल्या द्यायच्या. तोवर सामान बांधायचं, गराजमधली गाडी विकायची, आणि काकांना विनिपेगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये न्यायचं. आहेत तसे, हसते, पोचवायचे. एवढंच माझं काम.

सकाळी काकांची आंघोळ वगैरे बघायला होम केअरची शॅरन येते. दणकट, गप्पिष्ट. तिला जनार्दन म्हणता येत नाही म्हणून ती जॉन म्हणते, आणि काका दर वेळी संथपणे पूर्ण नाव उच्चारून तिला दुरुस्त करतात. ती म्हणते, ओके जॉन. दोघंही हसतात. मला हे घर आवडलं.

रविवार, ५ मे. ढगाळ.

आज गाडी पाहिली. १९६९ची पॉन्टियाक, गर्द हिरवी, दोन दारांची. समोरून रुंद छातीचं जनावर बसल्यासारखी. काकांना ती लव्हालजवळच्या एका शेतावर कोठारात मिळाली, मागच्या सीटवर कोंबडीची अंडी. मी तेव्हा सात वर्षांची. तिथून एकोणीस वर्षं त्यांनी ती एकहाती उभी केली. एकहाती हे खरं नाही. काकू शेजारच्या सीटवर बसून त्यांना पाने आणि स्क्रूड्रायव्हर हातात द्यायच्या.

फळीवर कॉफीचे रिकामे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर काकांचं अक्षर: डावं दार, वरची बिजागरी. काका बोल्ट आवळताना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणतात. एक औट औट, दोन औटे सात, तीन औटे साडेदहा. त्यांच्या आईने चुलीपुढे शिकवलेली. त्यांचं म्हणणं, चौदाला आलं की बोल्ट बसला, इंजिनिअरिंग कॉलेजने यात काही भर घातली नाही. मला पावकी आणि निमकी येते, औटकी नाही. हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला.

शनिवार, ११ मे. ऊन.

आठवडा छान गेला. सकाळी मी क्रोम घासते, काका खुर्चीत बसून डाव्या हाताने दाखवतात. मागच्या सीटची शिवण एका ठिकाणी उसवली होती, ती मी वाकड्या सुईने शिवली, तीन दिवस लागले. दुपारी दोघंही गाडीत बसतो, काका स्टिअरिंगपुढे, मी काकूंच्या जागी, आणि मी त्यांची गाडीची नोंदवही मोठ्याने वाचून दाखवते. एकोणीस वर्षांची नोंद. त्यात मध्येच, आज मृणालिनीचा वाढदिवस, गिअरबॉक्स बसला. वाचून झालं की काका म्हणतात, पुढे.

जाहिरात मी लिहिली. गाडीतले जेवढे दोष मला माहीत होते ते सगळे दिले, चौदा निघाले. काल गॅटिनोचा एक माणूस, रिचर्ड, बघायला आला. म्हणाला, तू गाडी विकते आहेस की पाद्र्यापुढे कबुली देते आहेस. गेला. काका संध्याकाळपर्यंत हसत होते.

शनिवार, १८ मे. उबदार.

गाडी ठरली. मिसिसॉगाहून व्हॅलेरियन तुस्कानो आणि त्याची बायको जोन आले. मूळचे वसईचे, त्यामुळे दारातच मराठी सुरू. साठीचा, पोट सुटलेला, बोलका. जाहिरात वाचून त्याने जोनला म्हणे सांगितलं होतं की एवढं खरं लिहिणारी बाई एक तर चर्चची सिस्टर असणार नाही तर वेडी. घासाघीस केली नाही. चालवून आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, त्याने ते लपवलंही नाही. जोन म्हणाली, माझ्या लग्नात नाही रडला हा. पुढच्या शनिवारी न्यायला येणार.

शुक्रवार, २४ मे. पाऊस, मग ऊन.

कागद तयार आहेत. पॉवर ऑफ अटर्नी माझ्या नावाची, सही मीच करणार, कायद्याने काही उरलेलं नाही. तरी दोन दिवस मला जेवण जात नव्हतं. एकोणीस वर्षांची वस्तू जाणार आणि ज्याची ती आहे त्याचा हातही लागणार नाही? काकांना विचारलं, तुमच्या मनापासून आहे ना. हो म्हणाले. पुन्हा विचारलं. म्हणाले, मास्तरीण, एकाच उत्तराला किती वेळा मार्क देणार. तरी समाधान होईना.

आजोबांची पुस्तकं बाबांनी विनिपेगच्या देवळाला दिली तेव्हा हातावरून पाणी सोडलं होतं. तेव्हा आईने मला सांगितलं होतं, सहीने वस्तू नावावरून जाते, उदक सोडलं की मनातून सुटते, मग परत मागता येत नाही. मला वाटलं, हेच हवं. काकूंच्या देवांच्या खोक्यातून ताम्हण आणि पळी काढली, खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान घेतलं, काकांना गाडीपुढे खुर्चीवर बसवलं. दान उजव्या हाताने द्यायचं. तो त्यांना उचलवत नाही म्हणून मी माझ्या हाताने खालून उचलून धरला. बोलायला त्यांना वेळ लागतो म्हणून वाक्यही मीच म्हटलं. सुटे भाग, डबे, नोंदवही, काही सुटू नये या विचाराने म्हटलं: या गाडीत जे जे आमचं आहे ते ते सगळं दिलं, मागे काही ठेवलं नाही.

काकांनी मान हलवली, दोनदा. मला वाटलं पाणी फार पडतंय. मग त्यांचा हात थरथरला. पाच महिने न हललेला हात. मला ते चांगलं लक्षण वाटलं. ताम्हण कलंडू नये म्हणून मी तो घट्ट धरून ठेवला, पाणी पूर्ण सुटेपर्यंत. थोडं बॉनेटवरून ओघळून खाली गेलं.

आज मी पोटभर जेवले.

शनिवार, २५ मे. ऊन, वारा.

गाडी गेली. व्हॅलेरियनने काकांचे पाय धरले, म्हणाला, आमच्यात हे नसतं, पण तुमच्यासाठी. डबे, नोंदवही, सगळं मागच्या सीटवर नीट लावून दिलं. गाडी वळणाआड गेल्यावर काका म्हणाले, सुरेख गाडी होती. कुणाची?

मी हसले. ते थट्टा करत असणार.

सोमवार, २७ मे. पाऊस.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार खाली आलं होतं. काकांना असली कामं डाव्या हाताने जमतात, आवडतात. स्क्रूड्रायव्हर दिला. त्यांनी तो आधी मुठीकडून पाहिला, मग टोकाकडून, आणि मला विचारलं की हे काय असतं.

दार मीच बसवलं. आवळताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, दोन औटे? काका सौजन्याने बघत राहिले, एखाद्या पाहुण्याने परक्या भाषेत काही विचारावं तसे.

बुधवार, २९ मे. ढगाळ.

डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन केला. नवीन काही नाही, जानेवारीचीच जखम, ती भरतेय. डॉक्टर म्हणाले, वयही आहे. पण शनिवारी सकाळपर्यंत ते मला शब्दकोड्यात हरवत होते.

घरी आल्यावर शॅरन म्हणाली, हाय जॉन. काका हाय म्हणाले. तिला दुरुस्त केलं नाही. शॅरनने माझ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

गुरुवार, ३० मे. ऊन.

व्हॅलेरियनचा फोन. खुशीत होता. गाडी लोण्यासारखी चालते, जोन चिडवते की तिच्यात आणि गाडीत कुणाला आधी बुडताना वाचवशील. मग म्हणाला, एक गंमत विचारायची होती. टायरचे नट आवळताना त्याच्या तोंडून आपोआप काहीतरी येतं. दोन औटे सात, तीन औटे साडेदहा. हे काय आहे? तो कॉन्व्हेंटमध्ये शिकला, त्याचे पाढे इंग्रजीत. घरात हे कुणी म्हणत नव्हतं.

मी विचारलं, काकांनी त्या दिवशी शिकवलं का. म्हणाला, नाही ग, ते तर बसून होते.

मी अर्थ सांगितला. फोन ठेवून हात धुतले. का धुतले ते मला सांगता येणार नाही.

शुक्रवार, ३१ मे.

काकूंच्या फोटोला काका रोज सकाळी फूल ठेवतात. आज फोटोपुढे उभं राहून त्यांनी मला विचारलं, या बाई कोण, फार प्रसन्न दिसतात.

आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, पाण्यासकट. तिने विचारलं, वस्तूचं नाव घेतलंस का. आजोबांच्या वेळी बाबांनी मोजून म्हटलं होतं, दोनशे दहा पुस्तकं. तू काय म्हटलंस? मी वाक्य सांगितलं. आई म्हणाली, सगळं कधी देतात का ग.

मग तिने विचारलं, हात कुणी धरला होता. मी म्हटलं, मी. आईने लगेच बाबांना हाक मारली.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालंय, दोन आठवडे विमान नाही, आणि त्यांना एकटं टाकून आईला निघता येत नाही. १५ जूनचं, शनिवारचं तिकीट काढलं. आई म्हणाली तोवर सांभाळ. तिने काकांना की मला म्हटलं ते मी विचारलं नाही.

रविवार, २ जून. ऊन.

आता सरळ लिहिते. मी गाडी दिली नाही. काकांनी एकोणीस वर्षांत गाडीत जे घातलं ते दिलं. त्यांचे हात, त्यांचे पाढे, काकू शेजारी बसलेल्या सगळ्या दुपारी. ते रोज थोडं थोडं तिकडे जातंय. त्यांनी मान हलवली होती. दोनदा. नको म्हणत होते. मी हात धरून ठेवला.

व्हॅलेरियनला फोन केला, गाडी परत द्या, पूर्ण पैसे देते. तो आधी हसला, मग म्हणाला, बाळ, असं नसतं. पुन्हा केला. तिसऱ्यांदा उचलला नाही.

सोमवार, ३ जून.

एक गोष्ट अजून चालते. सकाळी काका उठतात तेव्हा डोळे उघडे असतात पण आत कुणी नसतं. मी पलंगाजवळ बसते आणि सांगते: तुमचं नाव जनार्दन. ते माझ्यामागे म्हणतात, जनार्दन. मग आत काहीतरी उजळतं, ते उठून बसतात, चहा घेतात, गिळतात. दुपारपर्यंत टिकतं. मग पुन्हा सांगायचं.

माझं नाव ते विचारत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांचं त्यांच्याजवळ राहिलं तर पुरे.

गुरुवार, ६ जून. मिसिसॉगा, मग परतीची ट्रेन. ट्रेनमध्ये लिहिते आहे.

शॅरनला दिवसभर काकांजवळ ठेवलं. पहाटेची ट्रेन, मग बस. दार जोनने उघडलं. म्हणाली, बरं झालं आलीस, जेवायलासुद्धा तो आत येत नाही.

गराजमध्ये गाडी उभी, बॉनेट वर, व्हॅलेरियन आत वाकलेला. फळीवर काकांचे डबे त्याच क्रमाने लावलेले. मी काही म्हणायच्या आधी तो वळून म्हणाला, मास्तरीण आली, आता सगळ्यांनी सरळ बसा.

त्याच्या बोलण्यातली वसई गेली होती. काकांची चाल, काकांचा ठेका, फक्त उशीर नाही. झटक्याच्या आधीचे काका असे बोलायचे.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसून ऐकत होता. त्याला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाला, त्यालाही हल्ली काही काही आठवतं. हिरव्या बांगड्यांचा हात त्याला बारा नंबरचा पाना देतो, न मागता, बरोबर तोच. आपण वाट बघतो आणि तो हात येतो. आयुष्यात त्याची इतकी सोय कुणी बघितली नव्हती, असं तो म्हणाला. जोन दारात उभी होती. ती बांगड्या घालत नाही.

मी म्हटलं, गाडी परत द्या. तो म्हणाला, एकोणीस वर्षं घातली ग हिच्यात, कशी देऊ. जोन म्हणाली, बारा दिवस. बारा दिवस झालेत आणून. त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं नाही.

मग मी पाण्याची बाटली काढली. म्हटलं, गाडी ठेवा. तुमचं नाही तेवढं माझ्या हातावर सोडा. तेवढं नाव घेऊन. तो चांगला माणूस आहे, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याने बाटली घेतली, तिरकी धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ खरोखर शोधत राहिला. मग म्हणाला, माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं ते आता वेगळं निघत नाही. सगळं सोडलं तर मी किती उरेन ते मला ठाऊक नाही.

मी म्हटलं, तरी सोडा. असं मी म्हटलं. मला ते म्हणताना लाज वाटली नाही.

जोनने त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. सकाळी हीच मला बरं झालं आलीस म्हणाली होती. आता तिने झाकण लावलं, बाटली माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, मला हा आहे तेवढा पुरे, तू जा. मी तिचे पाय धरले. तिने मला उठवलं, बस स्टॉपपर्यंत सोबत आली, डबा दिला.

शुक्रवार, ७ जून.

काल दिवसभर काका उठले नाहीत. शॅरनने जॉन म्हणून हाका मारल्या, त्यांनी डोळेही वळवले नाहीत. घशाखाली पाणी उतरेना. ती अँब्युलन्स बोलावणार होती. मी आले, नाव सांगितलं. तेव्हा गिळलं.

नाव सांगितलं नाही तर ते गिळत नाहीत. अँब्युलन्समधले लोकही जॉनच म्हणतील. शॅरनला मी नाव शिकवायला बसले. अर्धा तास. तिने मनापासून प्रयत्न केला. काकांना ते त्यांचं वाटेना. आईला स्पीकरवर घातलं, तिच्या तोंडूनही नाही. ज्या हाताने ते सुटलं त्याच हाताच्या माणसाकडून लागतं की काय.

शनिवारपर्यंत. आठ दिवस. बाबा आले की काहीतरी करतील. बाबांनी मोजून दिलं होतं, त्यांना येत असेल.

रविवार, ९ जून. पाऊस.

काकांच्या शर्टाचं बटण तुटलं. मी ते आणलं, दोरा आणला, आणि ती बारीक टोकदार — जिच्यात दोरा घालतात ती — हातात धरून बसले. काय करायचं ते सुचेना. मागच्या सीटची शिवण मी तीन दिवस शिवली होती.

आमचं म्हटलं होतं मी. आमचं.

सोमवार, १० जून.

पावकी म्हणून पाहिली. तीनला अडले. आईचा आवाज आठवतो, शब्द नाही.

व्हॅलेरियनचा फोन आला होता. उचलला. आधी नुसता श्वास. मग हळूच विचारलं, मागची शिवण कुणी घातली, फार सुबक आहे, घालणाऱ्या मुलीचा मला सारखा भास होतो. त्याचा आवाज प्रेमळ होता. मी फोन बंद केला.

काका जेवले. चार घास. नाव तीनदा सांगावं लागलं.

मंगळवार, ११ जून.

नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. पलंगाशीही. बाथरूममध्ये. माझं चुकलं तर असावं म्हणून.

संध्याकाळी पाहिलं. रेघा आहेत. वर एक आडवी, खाली वळणं. मीच काढलेल्या. वाचता येत नाहीत.

लिहिता येतंय. हात लिहितो. लिहिलेलं परत पाहिलं की नुसत्या — दुपारच्या दुपारी मी वाचून दाखवत होते, गाडीत बसून. काका म्हणायचे, पुढे.

मागची पानं उघडली. काही नाही. शाई.

बुधवार, १२ जून

आईचा फोन. आवाज ओळखला. आई असं म्हटलं, बरोबर निघालं. तिला सांगितलं लवकर या. ती रडत होती. म्हणाली परवा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिने त्यांचं नाव फोनवर दहा वेळा म्हणवून घेतलं. पाठ केलं. फोन ठेवला तेव्हा होतं.

रात्र जागून म्हणत बसले तर जाणार नाही. म्हणत राहायचं. म्हणत राहायचं फक्त

गुरुवार

होतं. उजाडेपर्यंत होतं. ओठांवर. खुर्चीत मान पडली, क्षणभर, क्षणभरच —

ते जागे झालेत. मी पलंगाशी बसले आहे. हात धरलाय त्यांचा, तो उजवा. शॅरनला यायला वेळ आहे.

डोळे उघडे. माझ्याकडे बघतायत. घाबरलेले नाहीत. त्यांना सवय झालीय, सकाळी ही मुलगी सांगते. ओठ पुढे करून थांबलेत, मागे म्हणायला. लहान मूल थांबतं तसे.

घसा कोरडा पडलाय त्यांचा. पाणी हातात आहे, आधी सांगायला हवं, मग उतरतं.

म्हटलं, तुमचं नाव

त्यांनी म्हटलं, तुमचं नाव.

नाही, पुढे. पुढचं. म्हटलं, तुमचं नाव —